आयर्लंडांतील जमीनदारांचे वाडे व त्यांतील जिनसांच्या याद्या

एखाद्या मोठ्या घराण्याचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे लेखक बहुधा प्रथम तसबिरींकडे, मग पत्रव्यवहाराकडे व शेवटीं थडग्यांवरील लेखांकडे वळतो. हीं तीनहि साधनें चांगलीं आहेत. पण त्या घराण्यानें स्वतःविषयीं जगाला जें सांगावयाचें ठरविलें, तेवढेंच तीं सांगतात. चित्रकारापुढें बसतांना कोणी फाटका अंगरखा घालीत नाहीं. आयर्लंडांतील जमीनदारांच्या जुन्या वाड्यांसंबंधानें एक चौथें साधन उपलब्ध आहे. त्याचा विशेष हा कीं, तें लिहिणाराला वाड्याची कीर्ति वाढवावयाचीहि नव्हती व घटवावयाचीहि नव्हती. त्याला फक्त वस्तु मोजावयाच्या होत्या. अशा मोजदादीच्या याद्या सतराव्या शतकापासून पुढच्या बऱ्याच सांपडतात, व त्यांपैकीं कित्येक २००३ व २०२२ सालीं ग्रंथरूपानें निघाल्यामुळें आतां त्या कोणालाहि वाचतां येतात. त्यांवरून वाड्यांतील खऱ्या राहणीविषयीं काय कळतें, तें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

हे वाडे कोणाचे, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सोळाव्या व सतराव्या शतकांत इंग्लंडच्या राजसत्तेनें आयर्लंडांतील पुष्कळशी जमीन मूळच्या मालकांकडून काढून घेऊन आपल्या पक्षाच्या लोकांस दिली. नवे मालक बहुतेक प्रॉटेस्टंट, व जमीन कसणारीं कुळें बहुतेक रोमन कॅथॉलिक. कुळांकडून येणाऱ्या खंडाच्या पैशावर हे वाडे उभे राहिले. गांवकरी त्यांना नुसतें ‘मोठें घर’ म्हणत. कांहीं घराणीं याच्याहि फार आधींचीं होतीं. उदाहरणार्थ, किल्केनीचा किल्ला बटलर घराण्यानें १३९१ सालींच विकत घेतला होता.

याद करण्याचे प्रसंग ठराविक असत. मालक वारला व मृत्युपत्राची अंमलबजावणी करावयाची आहे. वारस अज्ञान आहे. वाडा भाड्यानें द्यावयाचा आहे. कर्जापायीं सामानाचा लिलाव व्हावयाचा आहे. किंवा नुसता कारभारी बदलला आहे. अशा वेळीं एक किंमत करणारा व एक लिहिणारा अशीं दोन माणसें वाड्यांत शिरत. पहिला वस्तु पाहून तिचें नांव व मोल उच्चारी, दुसरा लिहून घेई. एक खोली संपली कीं पुढची. तेव्हां यादींतील खोल्यांचा क्रम म्हणजे त्या दोघांच्या चालण्याचा मार्गच होय. जे वाडे पुढें पडले किंवा बदलून गेले, त्यांतील कोणत्या खोलीला लागून कोणती खोली होती, हें आज या पावलांवरूनच ताडतां येतें. खोल्यांना अंक नसत. ‘पिवळ्या रेशमाची खोली’, ‘दाईची खोली’, ‘जिन्याखालची कोठडी’ अशा प्रकारचीं नांवें असत, आणि नांवांतच पुष्कळ गोष्टी कळत.

आतां अशा यादींत सर्वांत मोठा आंकडा कोणत्या वस्तूपुढें असेल, असें आम्हीं वाचकांस विचारलें तर तसबिरी, आरसे किंवा कोरीव टेबलें असें उत्तर येईल. प्रत्यक्षांत जुन्या याद्यांत तो मान पुष्कळदां एखाद्या पलंगाचा असतो. पलंगाचें लांकूड स्वस्त. पण त्याच्या चारी बाजूंनीं सोडलेले मखमलीचे किंवा जाड रेशमाचे पडदे, त्यांची झालर, आंतलें अस्तर व परांची गादी यांना अपार पैसा पडे. मुख्य पाहुण्यांसाठीं राखलेला असा पलंग म्हणजे घराण्याची प्रतिष्ठाच. त्याच्या खालोखाल भिंतीवर टांगण्याचे चित्रांचे विणीव पडदे व सोनेरी वर्ख दिलेलें कातडें. चांदीचीं भांडीं तर कारागिरीवर नव्हे, वजनावर लिहीत. कारण तीं केव्हांहि आटवून पैसा करतां येई. उलट तसबिरींची वाट फार वेळां एका ओळींत लागते. शेकोटीच्या वर एक तसबीर आहे, एवढें लिहून कारकून पुढें सरकतो. ती कोणाची, कोणीं काढली, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. ग्रंथांचीहि तीच गत. कपाटभर पुस्तकें एकत्र मोजून संपवून टाकलेलीं पाहिलीं म्हणजे मन खट्टू होतें खरें.

आंकडे वाचतांना एक खबरदारी मात्र घेतली पाहिजे. १८२६ पर्यंत आयर्लंडचा पौंड व इंग्लंडचा पौंड एकमोल नव्हते. इंग्लंडचे बारा पेन्स म्हणजे आयर्लंडचे तेरा. त्यामुळें इंग्लंडांतील १०० पौंडांस आयर्लंडांत १०८ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स पडत. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो दोन देशांच्या याद्या शेजारीं ठेवून आयरिश जमीनदाराला उगाच अधिक श्रीमंत ठरवील. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांना त्रैराशिकाचा कंटाळा आहे, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सामान एका जागीं स्थिर असे, अशीहि समजूत करून घेऊं नये. किल्केनीच्या ऑर्मंड घराण्याची गोष्ट पाहा. पहिला ड्यूक ऑर्मंड राजाबरोबर फ्रान्समध्यें परागंदा होऊन १६६० सालीं परत आला, व तिकडे पाहिलेल्या थाटानें त्यानें किल्केनीचा किल्ला सजविला. त्याचा नातू दुसरा ड्यूक १७०३ ते १७०७ पर्यंत आयर्लंडचा राजप्रतिनिधि होता. १७०५ ची किल्केनीची याद आहे, आणि १७०७ ची डब्लिनच्या राजवाड्याचीहि आहे. राजप्रतिनिधि आपल्या वैभवाचें पुष्कळसें सामान स्वतः आणी व जातांना घेऊन जाई. म्हणून दोन्ही याद्या मिळून एकाच संसाराचें चित्र पुरें होतें. या ड्यूकवर १७१५ सालीं राजद्रोहाचा आरोप आला; तो फ्रान्सला पळाला व १७४५ सालीं आव्हीन्यों येथें परदेशांतच वारला. जप्त झालेल्या इस्टेटीला याद लागतेच. घराण्याच्या भाग्योदयापेक्षां त्याच्या पडत्या काळांतच जास्त याद्या होतात, हें या कागदांचें एक दुर्दैवी वैशिष्ट्य आहे.

याच याद्यांत कोठें कोठें आपला देश अवचित भेटतो. अठराव्या शतकांतल्या निजण्याच्या खोल्यांतून पडदे व पलंगपोस ‘चिंट्झ’चे आहेत असें लिहिलेलें आढळतें. हा शब्द म्हणजे आपली छीट. रंगीत वेलबुट्टीचें हिंदुस्थानचें सुती कापड ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांतून लंडनला, व तेथून आयर्लंडच्या खेड्यांतील वाड्यांत जाऊन पोहोंचत होतें. तें धुतां येई, हा त्याचा मोठा गुण. मखमल धुतां येत नाहीं. मात्र ‘इंडियन’ हा शब्द दिसला म्हणजे वस्तु आपल्याच देशची, असें मानूं नये. चीनच्या लाखेच्या पेट्या व कागदी भिंतपटहि त्या लोकांना ‘इंडियन’च वाटत, कारण ते त्याच कंपनीमार्फत येत.

परंतु आमच्या मतें या याद्यांचा सर्वांत मोलाचा भाग दिवाणखान्यांत नाहीं. तो मागच्या जिन्यानें वर माळ्यावर व खालीं तळघरांत गेल्यावर सांपडतो. घराण्याच्या इतिहासांत नोकरांना नांव नसतें. पण किंमत करणारा मनुष्य त्यांच्याहि खोलींत जातो, कारण त्यांचीं घोंगडींहि मालकाच्याच मालकीचीं. हुजऱ्यांची खोली, स्वयंपाकिणीची खोली, दुधाच्या कोठारावरची खोली, घोडागाडीवाल्याची तबेल्यावरची खोली, अशा ओळींपुढें किती बिछाने आहेत हें मोजलें म्हणजे एका खोलींत किती माणसें निजत याचा अंदाज येतो. बाजेच्या मानानें उशा जास्त आढळल्या तर एका बिछान्यावर दोघे निजत असावेत, असेंहि अनुमान निघतें. आयर्लंडांत एक खास सोयीची वस्तु असे: दिवसां उंच पाठीचा लांकडी बांक, व रात्रीं त्याची बैठक पुढें उलगडून जमिनीवर टेकविली कीं पेटीसारखा बिछाना. हा बांक मुदपाकखान्यांत किंवा ओसरीवर असला म्हणजे समजावें कीं, येथें निजणाराला स्वतःची खोली नव्हती. तो सगळ्यांच्या नंतर निजे आणि सगळ्यांच्या आधीं उठे; त्याचा बिछाना मोडल्याशिवाय घराची सकाळ सुरू होत नसे.

सामानहि माणसांप्रमाणें पदच्युत होत जाई. जी खुर्ची आजोबांच्या वेळीं दिवाणखान्यांत मिरवली, ती नातवाच्या वेळीं मुलांच्या खोलींत जाते, आणि पुढें माळ्यावर. म्हणून यादींतील ‘जुनें’, ‘मोडकें’, ‘कसर लागलेलें’ या शब्दांवर आम्ही विशेष लक्ष ठेवतों. दर्शनी खोल्यांत सर्व नवें व वरच्या मजल्यावर सर्व जुनें असेल तर घर वाढत्या पैशाचें; दर्शनी खोल्यांतच ‘जुनें’ हा शब्द वारंवार येऊं लागला, तर पाहुण्यांना न दिसलेलें कर्ज आपल्याला दिसलें असें समजण्यास हरकत नाहीं.

यादीच्या सोबतीला पत्रें असलीं म्हणजे तर दुधांत साखरच. आयर्लंडच्या पश्चिमेकडे रॉसकॉमन प्रांतांत एल्फिन म्हणून एक बिशपचें ठाणें होतें. तेथील बिशप रॉबर्ट हॉवर्ड १७४० सालीं वारले, व त्यांच्या जागीं एडवर्ड सिंग आले. त्याच सालची त्या घराची याद आज उपलब्ध आहे. सिंगसाहेबांची पत्नी आधींच निवर्तली होती व मुलांपैकीं अलिशिया ही एकच मुलगी हयात राहिली होती. ती डब्लिनला असे. साहेब उन्हाळ्यांत एल्फिनला जात, व तेथून तिला पत्रें लिहीत. १७४६ ते १७५२ पर्यंतचीं अशीं दोनशेंहून अधिक पत्रें छापलेलीं आहेत. त्यांत नोकरांची वागणूक, दारूच्या बाटल्या, कापडचोपड, नव्या घराच्या बांधकामाची हकीकत, सर्व कांहीं आहे. आणि मुलीनें मागच्या पत्रांत केलेल्या शुद्धलेखनाच्या चुकाहि बापानें काढून दाखविल्या आहेत! मुलीचीं उत्तरें मात्र उरलीं नाहींत. यादींत पाटीभर चादरी दिसतात. त्या चादरींची काळजी एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कशी शिकविली जात होती, तें पत्रांत दिसतें. याच बिशपांनीं १७४९ सालीं आपल्या हद्दींतील घराघराची मोजदाद करविली. कुटुंबप्रमुखाचें नांव, धर्म, धंदा, मुलें व नोकर यांची ती मोठी नोंद आहे. मोजण्याची आवड या गृहस्थांना चांगलीच असावी.

पत्रांची अशी जोड नसली म्हणजे यादीचें मौन जाणवतें. घरांतील बायकांचे खासगी दागिने, अंगावरचे कपडे, मुलांचीं खेळणीं, कोठारांतलें रोजचें अन्न, यांचा उल्लेख पुष्कळदां नसतोच. थंडी मोजतां येत नाहीं. पण शेकोटीचीं अवजारें कोणत्या खोलींत आहेत व कोणत्या खोलींत नाहींत, एवढें यादींत असतें, आणि नोकरांच्या माळ्यावर तीं कचितच आढळतात.

या याद्या आहेत त्याहून कितीतरी अधिक असावयास पाहिजे होत्या. मृत्युपत्रांबरोबर धर्मखात्याच्या न्यायालयांत दाखल झालेले कागद पुढें डब्लिनच्या फोर कोर्ट्स या इमारतीशेजारील सरकारी दप्तरखान्यांत जमा झाले होते. १९२२ सालीं आयरिश यादवी युद्धाच्या आरंभीं एका पक्षानें ती जागा धरून ठेवली व दुसऱ्यानें तिच्यावर तोफा डागल्या. ३० जून रोजीं प्रचंड स्फोट होऊन आग लागली, आणि सुमारें सात शतकांचें दप्तर एका दिवसांत राख झालें. आज ज्या याद्या आपण वाचतों त्या मुख्यतः मालकांनीं आपल्याच पेटींत ठेवलेल्या प्रती होत. जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून त्या जळालेल्या दप्तराची जमेल तेवढी भरपाई करण्याचें काम आयर्लंडांतील विद्वानांनीं हातीं घेतलें, व २०२२ सालीं, आगीला शंभर वर्षें झालीं तेव्हां, तें संगणकावर सर्वांसाठीं खुलें झालें.

वाड्यांनाहि त्याच काळीं आग लागली. १९२० ते १९२३ या अवधींत सुमारें पावणेतीनशें वाडे जाळण्यांत आले. कोठें तेथें सैन्य येऊन राहूं नये म्हणून, कोठें सूड म्हणून, कोठें जमिनीच्या जुन्या तंट्यापायीं. मग मालकांना नुकसानभरपाईसाठीं पुन्हां याद करावी लागली; पण ह्या वेळीं समोर वस्तु नव्हत्या. खोली डोळ्यांपुढें आणून, दारापासून खिडकीपर्यंत मनानें चालत जाऊन, काय काय होतें तें लिहावयाचें! जुनी याद ज्यांच्याजवळ होती त्यांचें काम सोपें झालें असेल. किल्केनीचा किल्ला या काळांतून वांचला. पण आंतील सामान १९३५ सालीं लिलावानें विकलें गेलें, व १९६७ सालीं किल्लाहि नांवाला ५० पौंड घेऊन नगराच्या समितीच्या स्वाधीन झाला. आतां तेथील खोल्या पुन्हां सजवितांना कोणत्या दालनांत काय होतें, हें त्या जुन्या याद्यांवरूनच पाहतात.

सामान जागच्या जागीं राहिलें आहे, असें एक उदाहरण डब्लिनच्या उत्तरेस आहे. तें म्हणजे कॉब घराण्याचा न्यूब्रिज येथील वाडा. १९८५ सालीं तो सरकारी मालकीचा झाला, तरी घराण्यानें आपलें सामान तेथेंच ठेवूं दिलें. १८२१ ची त्याची याद हातांत घेऊन आजहि त्या खोल्यांतून हिंडतां येतें. त्या सालीं तेथें राहणारे मालक चार्ल्स कॉब हे तरुणपणीं हिंदुस्थानांत लष्करांत होते, व २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर वेलस्लीच्या सैन्यांत शिंदे-भोसल्यांविरुद्ध लढले होते. असई हें गांव आजच्या जालना जिल्ह्यांत आहे. त्यांची मुलगी फ्रान्सिस पॉवर कॉब हिचा जन्म यादीच्या पुढच्या वर्षीं, १८२२ सालीं झाला. स्त्रियांच्या हक्कांसाठीं व मुक्या प्राण्यांच्या छळाविरुद्ध झगडणारी लेखिका म्हणून ती पुढें प्रसिद्ध पावली. तिनें १८९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तांत एक गोष्ट आहे. डब्लिनच्या दक्षिणेकडील डोंगरांत कॉबसाहेबांचीं कुळें अतिशय वाईट झोंपड्यांत राहात. साहेबांजवळ पैसा नव्हता. तेव्हां त्यांनीं दिवाणखान्यांतील दोन उत्तम चित्रें विकलीं, व त्या पैशांत कुळांसाठीं दगडी भिंतींचीं घरें बांधून दिलीं. त्यांतलें एक चित्र हॉबेमा या डच चित्रकाराचें होतें. १८३९ च्या सुमाराची ही गोष्ट. कारकून ज्या वस्तूला एक ओळ देऊन पुढें जाई, तिच्यांत गरिबांचीं किती घरें सामावलीं होतीं, तें येथें दिसतें.

पण सर्वच कुळांचे मालक असे नव्हते. मोठ्या घराच्या फाटकाबाहेर राहणारांच्या घरांत काय काय होतें, त्याची याद सहसा कोणी करीत नसे. याद करण्याजोगें तेथें कांहीं नाहीं असेंच सर्व धरून चालत. या नियमाला एक अपवाद आहे, आणि तो अपवाद एका शाळामास्तरानें केला. वायव्येकडील डोनेगॉल प्रांतांत ग्वीडोर नांवाचा खडकाळ मुलूख आहे. तेथील राष्ट्रीय शाळेचे शिक्षक पॅट्रिक मॅकाय यांनीं १८३७ सालीं राजप्रतिनिधीस एक अर्ज पाठविला, व लोकांच्या दैन्याचें वर्णन करण्याऐवजीं वाड्यांतील कारकुनाप्रमाणें सरळ मोजदाद केली. वस्ती सुमारें ४००० माणसांची. त्या सर्वांत मिळून गाडी एक, नांगर एक, फावडीं २०, दाताळीं ३२, जेवणाचे कांटे ७, खुर्च्या ९३, तिवया २४३. परांच्या गाद्या २, व भुशाच्या ८. पितळी मेणबत्तीदानें ८. खिशांतलीं घड्याळें ३, भिंतीवरचें एकहि नाहीं. शाळा एक. फळझाड नाहीं. तीन पेन्सांहून अधिक किंमतीचा आरसा कोणाहि घरीं नाहीं.

पुढच्या वर्षापासून ग्वीडोरची जमीन विकत घेऊं लागले ते लॉर्ड जॉर्ज हिल. हे हिल्सबरोच्या घराण्यांतले धाकटे चिरंजीव. त्यांच्या घराण्याच्या हिल्सबरो येथील वाड्याच्या १७४६ व १७७७ सालच्या, खोलीवार लिहिलेल्या याद्या आजहि आहेत. लॉर्डसाहेबांनीं रस्ते केले, धक्का व दुकान बांधलें, आणि आपण किती सुधारणा केली हें दाखविण्यासाठीं मास्तरांची ती याद आपल्या पुस्तकांत छापली. कुळांचें म्हणणें निराळें होतें; डोंगरावरील गुरचरण त्यांच्याकडून काढून घेतलें गेल्यामुळें तंटा इतका वाढला कीं, १८५८ सालीं पार्लमेंटला चौकशी करावी लागली. पुस्तक निघालें १८४५ सालीं. त्याच वर्षाच्या अखेरीस आयर्लंडांतल्या बटाट्याच्या पिकावर पहिल्यानें रोग पडला.